डाग दाराकडे झुकतो

फुंकरसरांच्या दारावरची पाटी पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, रंगाऱ्याचा अंदाज चुकला. आडनाव पार उजव्या कडेला जाऊन चिकटलेलं आणि डावीकडे चांगली चार बोटं जागा रिकामी. जोडीने फोटो काढायला बसावं आणि ऐन वेळी शेजारचा उठून जावा, तसं ते आडनाव एकटंच कडेला बसलेलं दिसे. पार्सल देणारे, मीटर बघणारे, वरच्या मजल्यावर जाताना दम खायला थांबणारे, सगळे कधी ना कधी विचारायचेच, "हे असं का हो?"

सरांची आई दाराशीच खुर्ची टाकून बसलेली असे. ती पेपरातून मान वर न करता सांगायची, "पुढे डॉक्टर लागायचंय. वाटेत आहे."

ते वाटेत होतं ही गोष्ट खरी. फक्त वाट लांबची निघाली होती. पीएचडीसाठी नाव नोंदवलं त्याच आठवड्यात सरांनी हौसेने पाटी करून घेतली आणि रंगाऱ्याला बजावलं, "एक अक्षर आणि एक टिंब बसेल एवढी जागा सोड. लवकरच लागेल." रंगाऱ्याने जागा सोडली. पुढे त्या रंगाऱ्याचं लग्न झालं, मुलं झाली, कुंचला ठेवून त्याने पाट्या कापायचं यंत्र घेतलं, त्याला चष्मा लागला. जागा तशीच राहिली.

फुंकरसर हे नाव अर्थातच विद्यार्थ्यांचं. सर अभियांत्रिकी कॉलेजात उष्णतेचा विषय शिकवायचे आणि उरलेल्या वेळात तळमजल्यावरच्या लॅबच्या एका कोपऱ्यात गरम हवेची फुंकर एका पत्र्यावर मारून तिच्याकडे बघत बसायचे. निदान बाहेरून तसं दिसायचं. नळाखाली पालथा तवा धरला की धार तव्यावर आपटते आणि चहूकडे पसरते. तसाच गरम हवेचा झोत पत्र्यावर आपटतो आणि पसरतो. तर तो कुठे किती उष्णता देतो, मध्यावर किती, कडेला किती, तोटी जवळ आणली तर किती, लांब नेली तर किती, एवढाच प्रश्न. काच कडक करणाऱ्यांना, कागद वाळवणाऱ्यांना, बिस्किटं भाजणाऱ्यांना याचं उत्तर हवं असतं. ऐकायला विषय सोपा वाटतो. सरांनाही वाटला होता, म्हणून तर घेतला.

आईला तो मुळातच पटला नव्हता. "तुझं दूध गार करायला मी आयुष्यभर फुंकर मारली," ती म्हणायची, "मला नाही कुणी पदवी दिली."

"आई, तू गार करायला मारायचीस. मी गरम मारतो."

"म्हणजे निम्मं कामही उलटंच."

सर दिसायला गोल, मऊ, पुढे नीट गोळा झालेलं पोट आणि त्याच्यावर कायम काहीतरी शोधणारा चष्मा. उभे असले की माणूस दिसत, बसले की प्रश्नचिन्ह. पाठ अशी वाकायची की समोरच्याला वाटावं, टेबलावर काही सांडलंय आणि हे ते पुसताहेत. नियतीचा विनोद असा की अशा माणसाला बायको मिळाली ती शाळेतली शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. काठीसारखी सरळ, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी घरी आल्यावरही लवकर निघायची नाही. सर जेवताना ताटावर झुकले की बारीकशी शिट्टी वाजायची आणि पाठोपाठ शब्द यायचा, "ताठ!" सर ताठ व्हायचे. दोन घास गेले की पुन्हा प्रश्नचिन्ह.

"अगं, माझं डोकंच जड आहे," ते म्हणायचे.

"आत काही असेल तर बाहेर काढा. थिसिस म्हणून द्या कुणाला तरी."

थिसिस ज्यांना द्यायचा त्या गाइड मॅडम ही आणखी एक गंमत होती. त्या सरांच्याच विद्यार्थिनी. सरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसून, सरांच्याच फळ्यावरच्या चुका हात वर करून दाखवून, त्या शिकल्या, बाहेर गेल्या, डॉक्टर झाल्या, परत आल्या, आणि सरांच्या आधीच्या गाइड निवृत्त झाल्यावर सरांच्या गाइड झाल्या. आता दोघं एकमेकांना इतका मान देत की काम पुढे सरकत नसे. सर केबिनच्या दारात उभे राहून विचारत, "येऊ का मॅडम?" आणि मॅडम खुर्चीतून उठून म्हणत, "सर, तुम्ही कशाला विचारताय?" मग आधी कोणी बसायचं यावर थोडा वेळ जाई.

सरांचं यंत्र म्हणजे कमरेएवढ्या उंचीचं एक स्टँड. खालून उभा पाइप, त्यातून गरम हवा संथपणे वर येणार. पाइपच्या तोंडावर थोडी फट सोडून आडवा पातळ पत्रा, आणि पत्र्याच्या वरच्या अंगाला उष्णतेने रंग बदलणारा पापुद्रा. या पापुद्र्याचा न्याय उलटा होता. कमी तापेल तिथे तांबडा, जास्त तापेल तिथे निळा. झोत सुरू केला की काळ्या पापुद्र्यावर आधी एक तांबूस ठिपका उमटे, तो हिरवा होई, मग मधून निळा डोळा उघडे आणि भोवती कडी पसरत जात. मोराच्या पिसासारखा तो डाग. सर त्याच्यावर ओणवे होऊन तासन् तास बघत. ते बघणं कामाचं होतंच, पण खरं सांगायचं तर त्यांना तो आवडायचा.

पुस्तकं सांगतात, उभा झोत सरळ आपटला तर डाग गोल पडतो. सरांचा डाग गोल पडत नव्हता. त्याचा निळा डोळा मध्यापासून थोडासा सरकलेला असे, दाराच्या बाजूला.

आधी सरांना वाटलं, पाइप तिरका असेल. ओळंबा लावला, पाइप सरळ निघाला. तरी त्यांनी पाइप फिरवून बसवला. डाग दाराकडे. पत्रा फिरवला. डाग दाराकडे. तोटी बदलली, हीटर बदलला. दाराची फट बंद केली, खिडकीला कागद चिकटवले, लॅबमध्ये उकडून जीव जायची वेळ आली. डाग आपला दाराकडेच, सासरहून पळून आलेल्या मुलीसारखा हट्टी. पंखा तर आधीपासूनच बंद होता. शेवटी सरांनी आणि मॅडमनी, दोघांनी मिळून, भीत भीत निष्कर्ष काढला. बाकी सगळी कारणं संपली असतील तर हे काहीतरी नवीन आहे. अरुंद फटीतला गरम झोत आपली आपण एक बाजू निवडतो आणि एकदा निवडली की सोडत नाही. याला त्यांनी नाव दिलं, झुकाव.

एका सेमिनारमध्ये सरांनी झुकाव मांडला. समोर या विषयातले एक बडे प्रोफेसर बसले होते. दबदबा असा, की ते खोकले तरी लोक लिहून घेत. ते उठून म्हणाले, "असं मी आयुष्यात पाहिलेलं नाही." त्यांना हे कौतुक म्हणून म्हणायचं होतं. सर त्या दिवशी घरी आले ते इतके ताठ, की बायकोने शिट्टी खिशात ठेवली.

मग थिसिसचा मधला मोठा भाग झुकावावर आला. मॅडमनी त्यावर पेपर लिहून छापायला पाठवला; गाइड म्हणून त्यांचा तो पहिलाच. विद्यापीठाने सरांना दिलेली मुदत तीनदा वाढवून झाली होती, चौथ्यांदा वाढेल याची खात्री नव्हती. आई पाटीकडे बघून आता "वाटेत आहे" ऐवजी "कोपऱ्यावर आलंय" म्हणू लागली. शेवटची थोडी मोजमापं घ्यायची आणि थिसिस बांधायला टाकायचा, एवढंच राहिलं होतं.

आणि सरांची पाठ धरली.

पडलेलं पेन उचलायला वाकले ते तसेच राहिले. दोन विद्यार्थ्यांनी त्यांना कपाट हलवावं तसं हलवत रिक्षापर्यंत नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "काय करता?"

"पत्र्याकडे बघतो," सर कण्हत म्हणाले.

डॉक्टरांनी कमरेचा रुंद पट्टा दिला. आतून पट्ट्या, बाहेरून बकलं, आवळला की माणूस दोन बोटं उंच होई आणि त्याला पायाची बोटं दिसेनाशी होत. वाकायचं नाही, रेलायचं नाही, पुढे झुकायचं तर मुळीच नाही. बायकोच्या चेहऱ्यावर जन्मभराच्या खटल्याचा निकाल आपल्या बाजूने लागल्याचं समाधान पसरलं. रोज सकाळी ती स्वतः पट्टा आवळायची. "श्वास घ्या. सोडा. आता राहा असेच." आई मागून सांगायची, "अजून एक भोक घट्ट कर गं. फुगवून ठेवलंय त्याने पोट."

पट्टा बांधून सर लॅबमध्ये गेले, खुर्ची मागे ओढून, पाटासारखे सरळ बसले, आणि झोत सुरू केला. ठिपका उमटला. तांबडा, हिरवा, मग निळा डोळा. सरांनी लांबूनच चष्मा वर-खाली करून पाहिलं.

डाग गोल होता. पुस्तकातल्यासारखा गोल, मधोमध.

सर ताडकन उठायला गेले. पट्ट्यामुळे ते जमेना, मध्येच अडकून राहिले. यंत्र बिघडलं! त्यांनी पाइप तपासला, जोड तपासले, खिडकीचे कागद तपासले. झोत बंद करून पुन्हा सुरू केला. गोल. दुसऱ्या दिवशी गोल. तिसऱ्या दिवशी तर इतका गोल की तो मुद्दाम चिडवतोय असं वाटावं. आयुष्यात पहिल्यांदाच एक माणूस आपलं यंत्र बिघडलेलं नाही म्हणून कपाळाला हात लावून बसला होता, आणि तोही ताठ.

चौथ्या दिवशी पत्र्यावरची मध्याची खूण पुसट झाली की काय अशी शंका त्यांना आली. बघायचं तर वाकायला हवं. त्यांनी दाराकडे पाहिलं, बायको काही तिथे नव्हती. पट्ट्याची बकलं सोडली, पोट सुटकेचा श्वास टाकून जागेवर आलं, आणि सर पूर्वीसारखे स्टँडला पोट टेकवून पत्र्यावर ओणवे झाले. खूण ठीक होती. ते तसेच राहिले, कारण तसं राहायला फार बरं वाटत होतं.

आणि त्यांच्या डोळ्यांदेखत निळा डोळा हलला. मांजर ऊन शोधत सरकतं तसा सावकाश सरकत त्यांच्याकडे आला.

सर दचकून मागे झाले. थोड्या वेळाने डोळा मध्यावर परत गेला. ते पुढे झाले. डोळा पुढे आला. मागे. मागे. स्टँडच्या पलीकडच्या बाजूला जुनं कपाट होतं, त्यामुळे इतकी वर्षं खुर्ची मावायची ती दाराच्याच बाजूला. पाठीचं दुखणं विसरून त्यांनी ते कपाट खांद्याने ढकललं, पलीकडे जाऊन उभे राहिले आणि ओणवे झाले. डाग दाराची सोबत सोडून निमूटपणे कपाटाकडे आला.

कारण त्यांना उभ्या उभ्याच कळलं. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते शिकवत होते. झोत वर जाताना आजूबाजूची हवा स्वतःत ओढून घेतो. एका बाजूने हवा यायची वाट अडवली तर झोत त्या अडवणाऱ्याकडेच ओढला जातो. आणि वाट अडवली होती सरांच्या पोटाने. त्यांनी पाइप फिरवला होता, पत्रा फिरवला होता, अख्खी लॅब फिरवायची बाकी ठेवली होती. फक्त स्वतःला फिरवून पाहिलं नव्हतं.

यानंतर फुंकरसर जे वागले ते त्यांना शोभणारं नव्हतं, पण माणसाला शोभणारं होतं. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. शेवटचीच मोजमापं तर राहिली होती. पूर्वी जसं बसत होतो तसंच बसायचं, पूर्वीसारखाच डाग येईल, थिसिस बांधून होईल. यात खोटं काय? डाग खरा, आकडे खरे, पोटही खरं. ते रोज सकाळी बायकोकडून पट्टा आवळून घेत, कॉलेजच्या जिन्याखाली जाऊन तो सोडत, गुंडाळून डब्याच्या पिशवीत कोंबत, आणि पत्र्यावर ओणवे होत. डाग इमानी कुत्र्यासारखा धावत जवळ येई. आणि इतकी वर्षं ज्याच्याकडे बघताना त्यांना आनंद व्हायचा, त्याच्याकडे आता त्यांना बघवत नसे.

घरी येताना पट्टा पुन्हा बांधायचा, तो एक दिवस राहून गेला. आणि घरी पिशवी रिकामी करायचं काम आईचं.

"सूनबाई," ती एका संध्याकाळी ओट्याशी उभी राहून ओरडली, "याच्या डब्याच्या पिशवीतून पट्टा निघालाय. डबा तसाच भरलेला आहे. काय खाल्लंन् कुणास ठाऊक!"

बायको आतून आली. सर सोफ्यावर होते, प्रश्नचिन्ह होऊन. तिने शिट्टी वाजवली नाही, तेव्हाच त्यांनी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"हे कधीपासून?"

"टोचतो गं तो."

"टोचतो म्हणून डबा पण सोडलात?"

आईने खुर्ची ओढून जवळ घेतली. तिला ऐकायला कमी येत असे, पण असल्या वेळी नाही.

"मी ताठ बसलो," सर शेवटी म्हणाले, "तर माझी डॉक्टरेट जाते."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग सरांनी सगळं सांगितलं. झोत, हवा, वाट, पोट. समजावताना टेबलावरच्या उदबत्तीच्या झाडाचा पाइप केला, ताटलीचा पत्रा केला आणि पोटासाठी मात्र काहीच शोधावं लागलं नाही. सांगून संपलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं तू जे शोधत होतास ते तुझ्याच शर्टाच्या आत होतं."

"आई!" बायको म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "मॅडमना माहीत आहे?"

"नाही. सांगितलं तर तो सगळा भाग जाईल. त्यांचा पेपर जाईल. मुदत संपत आलीय. पुन्हा सगळं मोजायचं म्हणजे..." त्यांनी दाराकडे पाहिलं. दाराच्या पलीकडे पाटी होती.

बायको थोडा वेळ हातातल्या पट्ट्याची बकलं लावत-काढत राहिली. "आमच्या शाळेतली ती उंच पोरगी आठवते? शंभर मीटरवाली?" ती म्हणाली. "गेल्या वर्षी जिल्ह्यात असली पळाली, असली पळाली, की घड्याळ बघून मीच नाचले. विक्रमच. मग पंच आले आणि म्हणाले, वारा पाठीमागून जास्त होता, विक्रम धरता येणार नाही. पोरगी ढसाढसा रडली. म्हणाली, बाई, पळाले तर मीच ना?"

"मग?"

"मग काय, पुढच्या स्पर्धेत परत पळाली."

"केला विक्रम?"

"छे! दुसरी आली." तिने पट्टा त्यांच्या मांडीवर ठेवला. "पण दुसरी आली ती स्वतःच्या पायांनी आली. त्या दिवशी चांगलं जेवली मात्र."

आईने न विचारता सरांचा डबा गरम करायला घेतला.

दुसऱ्या दिवशी सर पट्टा बांधून, जिन्याखाली न थांबता, थेट मॅडमच्या केबिनशी गेले.

"येऊ का मॅडम?"

"या ना सर. बसा."

"नको. बसल्यानेच झालंय सगळं."

मॅडमना वाटलं, पाठीचं बोलताहेत. "मी गादी मागवते."

"मॅडम, झोत झुकत नाही," सर म्हणाले. "म्हणजे झुकतो. पण माझ्याकडे."

पुढचं केबिनमध्ये सांगण्यासारखं नव्हतं. दोघं लॅबमध्ये गेले. सरांनी पट्टा काढून दाखवलं, बांधून दाखवलं, दाराकडून दाखवलं, कपाटाकडून दाखवलं. डाग आज्ञाधारकपणे इकडून तिकडे जात राहिला. मॅडमनी तोंडावर हात ठेवला होता. तो हसू दाबायला होता की दुसरं काही, ते सरांना कळेना.

"दोन वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या, "मी तुमच्या पोटावर पेपर लिहीत होते, सर?"

"हो मॅडम."

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"झाले... काही दिवस."

"आणि आज सांगताय?"

आवाज चढला होता. गाइड झाल्यापासून पहिल्यांदाच त्या सरांवर चिडल्या होत्या, आणि चिडल्यावर एकदम गाइडसारख्या वाटल्या. सरांनी मान खाली घातली. पाठ मात्र ताठच राहिली, कारण पट्टा. त्यामुळे तो पश्चात्ताप थोडा उद्धट दिसला.

मॅडम खिडकीशी गेल्या, तिथला एक कागद नखाने सोलत उभ्या राहिल्या. त्या कागदांआड उकाडा सोसत दोघांनी काढलेल्या दुपारी त्यांना आठवत असाव्यात. मग वळून म्हणाल्या, "पेपर मी आज मागे घेते. भोवती जाळी लावू. वरून कॅमेरा लावू, जवळ कुणीही जायचं नाही. सगळी मोजमापं पुन्हा. मुदतीचं मी बघते." आणि थोडं थांबून, "पण सर, यापुढे मी बसा म्हटलं की बसायचं. आणि मी सांगा म्हटलं नाही तरी सांगायचं."

"हो," सर म्हणाले. आणि त्या दिवसापासून त्या दोघांचं काम सरकू लागलं. आधी कोणी बसायचं हा प्रश्न सुटला होता.

मुदत मिळाली, ती मॅडमनी समितीपुढे काय ऐकून घेतलं ते सरांना न सांगता मिळवलेली. स्टँडभोवती बारीक जाळी आली. सर लॅबच्या दुसऱ्या टोकाला बसून पडद्यावर डाग पाहत. ओणवं होऊन बघण्यातली मजा त्यात नव्हती, पण डाग गोल होता, आणि हळूहळू त्यांना तो गोलही आवडू लागला. नव्या थिसिसमध्ये नवलाचं काही उरलं नाही. झोत सरळ मारला तर डाग गोल पडतो, तोटी अमुक अंतरावर असताना तो इतका तापतो, एवढंच, पण नेटकं. शेवटी मात्र मॅडमच्या आग्रहावरून एक छोटं प्रकरण आलं. झोताशेजारी एखादं शरीर असलं तर डाग किती आणि कुठे सरकतो. शरीर कुणाचं ते लिहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले ते नेमके सेमिनारमधले बडे प्रोफेसर. हल्ली ते आणखी बडे झाले होते, विशेषतः मधल्या भागात. त्यांनी पानं उलटली, पुन्हा उलटली. "तुमचा तो झुकाव कुठे गेला?" त्यांनी विचारलं. "मी चार ठिकाणी सांगितलं होतं त्याबद्दल."

मॅडमनी पेन घट्ट धरलं. मागच्या रांगेत बायको बसली होती, गळ्यात शिट्टी नव्हती तरी हात तिथेच गेला.

"तो झोताचा नव्हता, सर," फुंकरसर म्हणाले. "माझा होता. मी चुकीच्या ठिकाणी बसत होतो." आणि ताठ उभं राहून सगळं सांगितलं, दोन वर्षं उशिरा कळल्याचं आणि कळल्यावर काही दिवस लपवल्याचंही. ते शेवटचं सांगायची काही गरज नव्हती. मॅडमनी डोळे मिटून घेतले.

प्रोफेसर "यंत्र दाखवा," म्हणून उठले. लॅबमध्ये जाळी काढायला लावली, झोत सुरू करायला लावला, खुर्ची ओढली आणि स्वतः पत्र्यावर ओणवे झाले. निळा डोळा एकदा थबकला आणि मग जवळजवळ धावतच प्रोफेसरांकडे निघाला.

"माझ्याकडे जास्त आला," ते म्हणाले.

"आपलं अंतर कमी पडतंय, सर," फुंकरसर शक्य तितक्या आदराने म्हणाले.

प्रोफेसर बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरत गेला. "मीही असाच बसायचो," ते अगदी हळू, जणू स्वतःशीच म्हणाले. "तरुणपणी. तेव्हा असा पापुद्रा नव्हता, डाग दिसायचाच नाही. माझी मोजमापं पुस्तकात छापलेली आहेत." मग खुर्ची मागे सारली. "तुम्ही सगळे जरा बाहेर थांबा."

बाहेरच्या बाकावर सर, बायको आणि मॅडम ओळीने बसले. सरांना राहून राहून वाटत होतं, आतला माणूस आता आपल्याला पास करेल तर स्वतःला काय सांगेल? दार उघडलं. प्रोफेसरांनी आधी मॅडमकडे आणि मग सरांकडे पाहिलं आणि हात पुढे केला.

"अभिनंदन, डॉक्टर. थिसिस साधाच आहे," ते म्हणाले. "शेवटचं प्रकरण मात्र मला पाठवा. घरी जाऊन काय काय उपसावं लागणार आहे, देव जाणे."

पाटीसाठी सरांनी तोच रंगारी शोधून काढला. यंत्राने कापलेलं अक्षर जुन्या रंगाशी जमेना, म्हणून त्याने माळ्यावरचा कुंचला काढला, चष्मा सावरला आणि एक अक्षर व एक टिंब रंगवलं. इतक्या वर्षांनी संधी मिळाल्यामुळे असेल किंवा हात बसला नसल्यामुळे असेल, अक्षर जरा दणदणीत झालं. त्याच्यापुढे आडनाव अंग चोरून उभं असल्यासारखं दिसू लागलं.

"आता डावीकडे कललंय," आई खुर्चीतून म्हणाली. "असू दे. लोकांना विचारायला काहीतरी हवं."

सर पाटीसमोर उभे राहिले. टिंबाचा रंग अजून ओला होता आणि त्यात जिन्याच्या खिडकीचा उजेड एवढासा चमकत होता. तो नीट बघायला ते थोडे पुढे झाले, मग आणखी थोडे, चष्मा कपाळावर सारला, हात गुडघ्यांवर टेकले, पोट दाराला लागलं.

मागून शिट्टी वाजली.